ओलीची रेघ

एजंटाने दार उघडलं आणि सगळ्यात आधी भिंतीच्या वतीने माफी मागितली. "थोडी ओल आहे सर, पण पुट्टी मारली की जाते." त्याने सांगायच्या आधीच माझी नजर तिथे गेली होती. दिवाणखान्याच्या मागच्या भिंतीवर, जमिनीपासून कमरेच्या उंचीला, एक वाकडीतिकडी रेघ होती. रेघेखाली रंग काळवंडलेला, पापुद्रे सुटलेले. रेघेवर निळा, कोरडा. एका जागी मात्र ती एकदम उसळून खांद्यापर्यंत गेली होती. दोन हात तशीच उंचावरून चालून ती पुन्हा कमरेला उतरत होती.

बायको मोबाइलच्या उजेडात त्या उसळीवर बोट फिरवत होती. "अहो, इथेच का वर गेलीय?"

कवितेतली एखादी ओळ मध्येच लांबली की आपण असेच थांबतो. ती चूक आहे की कवीने मुद्दाम केलंय, हे कळेपर्यंत पुढे जाववत नाही. घर विकत घ्यायला आलेल्या माणसाने असं थांबू नये. त्याने चौरस मीटर मोजावेत, नाक मुरडावं, भाव पाडावा. पण पणजीच्या फोंताईन्हासमधलं ते घर आम्ही पाहायला गेलो आणि पहिल्या पाच मिनिटांतच गिऱ्हाईक मागे राहिलं, वाचक पुढे झाला. घासाघिशीच्या दृष्टीने हे फार वाईट.

आम्ही म्हैसूरला विजयनगरात राहतो. नाव ऐकून पाहुण्यांच्या डोळ्यांपुढे तुंगभद्रा येते, हंपीचे दगड येतात. आमचं विजयनगर म्हणजे शहराच्या वायव्येकडची वसाहत. पहिला स्टेज, दुसरा स्टेज, चौथ्यापर्यंत. मेन आणि क्रॉस. आमची साइट तीस बाय चाळीस. साम्राज्याचं नाव घेतलं, नदी घ्यायची राहिली. कावेरी आमच्याकडे नळातून येते. म्हैसूरला आखून राहायची सवय जुनी आहे. प्लेगने शहराला हैराण केल्यावर १९०३ मध्ये तिथे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट बोर्ड आलं आणि रुंद रस्ता, हवा, उजेड हे तेव्हापासून शहराच्या अंगवळणी पडलं. मला त्याचं कौतुकच आहे. पण तीस वर्षं काटकोनात राहिल्यावर माणसाची नजरही काटकोनी होते. मुलगी नोकरीनिमित्त पणजीला गेली, आम्ही तिच्याकडे जाऊ-येऊ लागलो, आणि संध्याकाळच्या फिरण्यात ही गल्ली भेटली. तिला सरळ जाणं ठाऊक नव्हतं. दहा पावलांवर ती वळायची आणि वळणावर पिवळी भिंत असायची.

तिचं वळणं समजायचं तर आधी पाणी कुठे आहे ते पाहावं लागतं. पश्चिमेला आल्तिनोची टेकडी, पूर्वेला रुआ-द-ओरेची खाडी. मधल्या चिंचोळ्या पट्टीत फोंताईन्हास. खाडी पुढे मांडवीला मिळते आणि मांडवी समुद्राला, त्यामुळे भरती-ओहोटी गल्लीच्या तोंडापर्यंत येते. टेकडीच्या पायथ्याशी एक झरा आहे, फोंत फेनिक्स नावाचा. त्या झऱ्यावरूनच वस्तीला नाव पडलं; फोंताईन्हास म्हणजे लहानसे झरे. वस्तीच्या नावात पाणी, मागे पाणी, पुढे पाणी, वर्षातले चार महिने वरूनही पाणी. 'पणजी' म्हणजे न बुडणारी जमीन, अशी एक व्युत्पत्ती सांगतात. ती सांगणारा शेजारच्या मळा नावाच्या वस्तीत जुलैमध्ये राहिलेला नसावा.

ही वस्ती कुणी वसवली याची गोष्टही पाणी हटवण्याचीच आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आंतोनियो जुआंव द सिक्वेरा नावाच्या गोवेकराने ही दलदल भरून काढली, माड लावले. तो मोझांबिकला पैसा कमावून परतला होता, म्हणून लोक त्याला 'मोसमीकर' म्हणत. परदेशात पैसा करून येऊन नदीकाठची जागा घेणारा माणूस आजचा आहे असं आपल्याला वाटतं. या वस्तीचं पहिलं पानच त्याच्या नावावर आहे. तोवर साथींनी मोडकळलेल्या जुन्या गोव्यातून माणसं नदीच्या उताराने खाली सरकू लागली होती. १७५९ मध्ये व्हाइसरॉयने मुक्काम पणजीला, आदिलशहाच्या जुन्या वाड्यात हलवला. दों मानुएल द पोर्तुगाल ई काश्त्रो याने १८२७ ते १८३५ या आपल्या कारकिर्दीत खाजणं बुजवून रस्ते आखले, आणि १८४३ मध्ये पणजी रीतसर राजधानी झाली. आणि ही नवी राजधानी उभारायला दगड लागला तो आणला कुठून? जुन्या गोव्यातल्या पडक्या इमारती उतरवून. इथल्या सेंट सेबॅस्टियनच्या चॅपेलात एक मोठा क्रूस आहे, तोही मूळचा इन्क्विझिशनच्या वाड्यातला. १८१२ मध्ये इन्क्विझिशन बंद झालं, क्रूस हलत हलत इथे आला. त्यावरच्या ख्रिस्ताचे डोळे उघडे आहेत आणि मान खाली पडलेली नाही. ज्या दालनात तो टांगलेला होता तिथे काय काय त्याच्यासमोर घडलं असेल, हा विचार करून त्या डोळ्यांकडे पाहिलं की चॅपेलाचं गोजिरवाणं पांढरेपण जरा थिजतं. सांगायचं एवढंच, की एका शहराच्या मरणावर दुसऱ्या शहराची भिंत चढवायची कला या मोहल्ल्याला जन्मापासून येते. 'पुनरुज्जीवन' हा आजचा शब्द त्याला नवा नाही.

आता घराकडे.

बाहेरून पाहिलं तर घर अगदी कमी बोलतं. एक मजला, त्यावर माडी, माडीला लोखंडी कठड्याचा अरुंद सज्जा. भिंत निळी, कोपऱ्यांना आणि खिडक्यांभोवती पांढरी पट्टी. शेजारची भिंत काव लावल्यासारखी तांबडी, पलीकडची पिवडी. सामायिक भिंतींनी घरं एकमेकांना खेटलेली. रंग बदलला की कळतं, घर बदललं. म्हणजे इथे रंग कुंपणाचं काम करतो. पोर्तुगीज अमदानीत पावसाळा सरला की प्रत्येकाने घर रंगवून घ्यायचं असा दंडक होता, आणि निखळ पांढरा रंग देवळाचा, म्हणजे चर्चचा, घराने तो अंगभर लावायचा नाही, असं इथली माणसं सांगतात. म्हणून घरावर पांढरं येतं ते फक्त काठाला, लुगड्याच्या काठासारखं. मनाई मोडली नाही आणि हौसही राहिली नाही. मला हा काठ फार आवडतो. छंदाच्या बंधनात सापडलेल्या कवीने यमकाच्या जागी थोडा श्वास घ्यावा, तसा तो आहे.

पण खरी गोष्ट रंगाच्या छटेपेक्षा रंग कशाचा होता, यात आहे. तो चुन्याचा होता. शिंपले भाजून केलेला चुना, त्यात नीळ किंवा काव. भिंतीचा चिरा, म्हणजे आपला जांभा, सच्छिद्र. तो जमिनीतलं पाणी दिव्याच्या वातीने तेल ओढावं तसं वर ओढतो. त्यावर गिलावा चुन्याचा असेल तर तेवढंच पाणी तो हवेत सोडत राहतो. पावसाळ्यात भिंत पिते, हिवाळ्यात उच्छ्वास सोडते, आणि त्या उच्छ्वासाबरोबर बाहेर आलेले क्षार रंगावर पांढरी बुरशी आल्यासारखे फुलतात. आपण त्याला लोणा म्हणतो. हा लोणा झाडून दर वर्षी चुन्याचा नवा हात द्यायचा, एवढीच त्या दंडकाची तांत्रिक बाजू. आपण ज्याला फोंताईन्हासचं सौंदर्य म्हणून फोटोत भरतो, ते मुळात वार्षिक देखभालीचं वेळापत्रक आहे.

तर आता ती उसळलेली ओळ. बायकोने खांद्याशी बोट नेलं तिथे मी नखाने खरवडून पाहिलं. खाली करडं, कठीण: सिमेंट. कुणीतरी, बहुधा ओलीलाच घाबरून, मधला तेवढाच तुकडा सिमेंटने लिंपला होता. सिमेंटमधून पाण्याला बाहेर पडता येईना, म्हणून ते वाट शोधत वर चढलं. चुन्याने ज्या पाण्याला कमरेला सोडलं होतं, त्याला सिमेंटने खांद्यापर्यंत आणलं. पुट्टी आणि त्यावर प्लास्टिकचा रंग मारला असता तर पुढच्या दोन पावसाळ्यांत ते छताच्या फळ्यांना भेटलं असतं. म्हणजे जो दोष म्हणून एजंट झाकत होता, ते भिंतीचं हस्ताक्षर होतं. आणि जिथे हस्ताक्षर बिघडलं होतं, तिथे कुणीतरी तिचा हात धरला होता.

इथून मागे जाऊन मी सगळं घर पुन्हा वाचलं, आणि प्रत्येक अलंकार पाण्याला दिलेलं उत्तर निघाला. छपराचं कौल मंगळुरी, उतार तीव्र, कारण वरचं पाणी थांबता कामा नये. कौलाखाली लाकडी छत, त्याच्या कडेला नक्षीची जाळी. ती जाळी नुसती नक्षी असती तर मी तिला दहात चार गुण दिले असते. तिच्यातून कौलाखालची दमट हवा बाहेर पडते, म्हणून सात. जोतं रस्त्यापासून तीन पायऱ्या उंच. दाराच्या दोन्ही बाजूंना भिंतीतच बांधलेले दगडी सोपे, म्हणजे बसायचे कट्टे. ते रस्त्याच्याही मालकीचे वाटतात आणि घराच्याही. आमच्या विजयनगरात कंपाउंडची भिंत, मग फाटक, मग चार फूट मोकळी जागा, मग घर, अशी नीट पानं उलटत आत जावं लागतं. इथे मुखपृष्ठ उघडलं की थेट गोष्टच. रस्त्यावरचा माणूस आणि दिवाणखान्यातला माणूस यांच्यात अंतर राहतं ते एका खिडकीचं.

आणि त्या खिडकीपाशी मात्र मी बराच वेळ उभा राहिलो.

माडीच्या तीन खिडक्यांपैकी दोघींना काच होती. तिसरीला शिंपल्यांची तावदानं. लाकडाच्या बारीक पट्ट्यांत खाचा, त्या खाचांत सरकवलेले चौकोनी कापलेले शिंपले, तळहातापेक्षा लहान, कागदाइतके पातळ. प्लाकुना प्लासेंटा हे त्या शिंपीचं शास्त्रीय नाव. काच महाग होती आणि समुद्रमार्गे यायची, त्या काळात ही शिंपी इथल्याच खाड्यांच्या चिखलात फुकट मिळे. खिडकी बंद केली आणि खोलीचा स्वभाव बदलला. बाहेर दुपारचं लख्ख ऊन होतं, आत दुधात केशर कालवल्यासारखा उजेड आला. सावल्यांच्या कडा गेल्या. बायकोचा चेहरा, जो गेली तीसेक वर्षं मी ट्यूबलाइटमध्ये पाहत आलो, तो एकदम जुन्या तैलचित्रातला झाला. (हे मी तिला बोललो नाही. बोलायला हवं होतं.)

काच दाखवते, ही शिंपी सुचवते. बाहेरून कुणी जातंय एवढं कळतं, कोण ते कळत नाही. आपल्या काव्यशास्त्राने ज्याला ध्वनी म्हटलं तो हाच प्रकार: अर्थ समोर आणून न ठेवता त्याची चाहूल तेवढी आत सोडायची. रस्त्याला इतकं खेटून असलेल्या घराला ही चाहूल गरजेची होती. उजेड हवा होता, नजर नको होती. गंमत म्हणजे या तावदानांना आता जोड मिळत नाही. ही शिंपी आज वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येते, चिखलीच्या खाडीत ती अजून तग धरून आहे, आणि ती गोळा करणं गुन्हा आहे. ते योग्यच आहे. त्यामुळे फुटलेल्या चौकोनाच्या जागी कुणी दुधी प्लास्टिक बसवतं, कुणी मोडून टाकलेल्या घराच्या जुन्या खिडकीतून शिंपी काढून आणतं. आमच्या तिसऱ्या खिडकीत मी मोजले, अकरा चौकोन प्लास्टिकचे होते. रात्री दिवा लावला की ते ओळखू येत असणार, जसा अनुवादात एखादा शब्द ओळखू येतो.

घराला एक आवाजही होता. तळमजल्यावर रस्त्याकडच्या खोलीत एक म्हातारे शिंपी बसतात. एजंटाने त्यांचा उल्लेख "छोटासा इश्यू" असा केला. ते जुने भाडेकरू. १९६८ च्या गोव्याच्या भाडेनियंत्रण कायद्याचं त्यांना संरक्षण, आणि भाडं इतकं की त्यात गल्लीच्या टोकाच्या कॅफेत दोघांची कॉफी होणार नाही. आम्ही माडीवर असताना खालून शिलाई मशीनचा आवाज येत होता, थांबून थांबून, लाकडी तक्तपोशीतून पायाच्या तळव्याला कळेल इतका. उतरताना मी त्यांना घराबद्दल विचारलं. त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला, बायकोकडे पाहिलं, मला फारसं मोजलं नाही. "बाय, पावसांत येयात. मागीर घर पळयात." पावसात या, मग घर बघा. याहून नेमकी समीक्षा मी त्या घराबद्दल ऐकली नाही.

कागदपत्रं एजंटाने फाइलमध्ये आणून दिली, आणि ती मी त्याच्या अपेक्षेपेक्षा जास्त चवीने वाचली. म्हैसूरला माझ्या साइटचा कागद म्हणजे आकडे: नंबर, स्टेज, लांबी, रुंदी. इथेही आकडे होते, पी. टी. शीट नंबर आणि चलता नंबर, नगरभूमापनाचे. 'चलता नंबर' या शब्दावर मी उगाच खूश झालो; घर स्थिर, नंबर चलता. पण त्याखाली जुना पोर्तुगीज दस्तऐवज होता आणि त्याचं टंकलिखित भाषांतर. चतुःसीमा दिल्या होत्या. पूर्वेला तिथे 'नासेंत' म्हटलेलं होतं, म्हणजे उगवती. पश्चिमेला 'पोएंत', मावळती. उगवतीला रस्ता, मावळतीला टेकडीचा पायथा, दोन बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती. सकाळी कुठे उभं राहायचं आणि ओल कुठून येणार, दोन्ही एका वाक्यात. सरकारी कागदाला एवढं काव्य पुष्कळ झालं.

दुसरी जागा नावांची. जिथे जिथे मालक पुरुषाचं नाव होतं तिथे त्यामागे 'ए सुआ मुल्येर', म्हणजे 'आणि त्याची बायको', हे होतंच. सौजन्य म्हणून नव्हे. १८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा गोव्यात अजून जगतो. वेगळा करार नसेल तर लग्नाबरोबर नवरा-बायकोची मालमत्ता सामायिक होते, आणि एकाच्या सहीवर घर विकता येत नाही. मालक वारला की सगळी मुलं, मुलीही, वाटेकरी. त्यांच्या बायका-नवऱ्यांच्या सह्या. या घराचे वारस मोजताना एजंटाने दोन्ही हातांची बोटं वापरली आणि मग थांबून म्हणाला, "दोघं लिस्बनला असतात." १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या वंशजांना पोर्तुगालचं नागरिकत्व मिळू शकतं, म्हणून इथल्या कैक कुटुंबांची एक फांदी तिकडे असतेच. वाटणी जमली नाही तर कोर्टात इन्व्हेंटरीचा दावा चालतो, आणि त्यात वारसांमध्येच आपसांत बोली लागते. भावाने बहिणीवर चढी बोली लावायची. मराठी नाटककाराच्या हाती हा प्रसंग अजून कसा लागला नाही, याचं नवल वाटतं.

बायकोने तो कागद माझ्या हातातून घेतला, 'आणि त्याची बायको' वर बोट ठेवलं. "म्हैसूरच्या घराच्या कागदावर मी कुठे आहे?" एजंटाने याच वेळी पाणी प्यायला बाहेर जायचं ठरवलं, हुशार माणूस.

पडकी घरं जड होत गेली ती या सह्यांमुळेच. वीस सह्या जमेपर्यंत कौलं निसटतात, वासे कुजतात, आणि दुरुस्तीचा खर्च कुणी एकट्याने करत नाही कारण फळ सगळ्यांना मिळणार. म्हणजे ज्या कायद्याने बायकोचं नाव कागदावर ठेवलं, त्यानेच घराला वाट पाहायला लावलं. पण त्या वाट पाहण्यानेच गल्ली वाचलीही. एका सहीवर घरं विकता आली असती तर सत्तर-ऐंशीच्या दशकातच इथे चार मजली इमारती आल्या असत्या, जशा पणजीत इतरत्र आल्या.

वस्तीला पुन्हा धुगधुगी आली ती हळूहळू. १९८४ मध्ये एका कुटुंबाने आपलं एकोणिसाव्या शतकातलं घर न पाडता 'पंजिम इन' म्हणून उघडलं. पुढे समोरच्या बाजूचं राजांगणाचं एक हिंदू घरही त्याच पद्धतीने पाहुण्यांसाठी खुलं झालं. लॅटिन क्वार्टर म्हणून मिरवणाऱ्या गल्लीत चौक आणि तुळस हा पाठभेद महत्त्वाचा आहे. फुंदासांव ओरिएंत या पोर्तुगीज सांस्कृतिक संस्थेने इथे एक वास्तू दुरुस्त करून आपलं ठाणं केलं. तिथे चित्रकार आंतोनियो शाव्हियेर त्रिंदाद यांची चित्रं पाहायला मिळतात. या शतकाच्या सुरुवातीला गोवा हेरिटेज ॲक्शन ग्रुपने कलामहोत्सव भरवला तेव्हा राहत्या घरांच्या दिवाणखान्यांत चित्रं टांगली गेली आणि पणजीकर पहिल्यांदाच शेजाऱ्याच्या घरात कौतुकाने शिरले. मग स्मार्ट सिटी आली, मलनिस्सारणाच्या वाहिन्यांसाठी शहर उभं-आडवं खणलं गेलं. तो धुरळा मुलीच्या सोफ्यावर मी स्वतः झटकला आहे. खाडीकाठी आता खारफुटीतून लाकडी पायवाट जाते. गाइड सांगतात की हा मोहल्ला युनेस्कोच्या यादीत आहे. तो नाही. यादीत १९८६ मध्ये गेली ती जुन्या गोव्यातली चर्चेस आणि कॉन्व्हेंट. दगड इकडे आले, मान तिकडे राहिला.

काव्यशास्त्रकार क्षेमेंद्राने काव्याचा जीव औचित्यात आहे असं म्हटलं. इथल्या नव्या घरांकडे पाहताना मला सारखा तो शब्द आठवतो. गल्लीच्या तोंडाशी एक घर झगझगीत फिरोजी रंगात नटलंय. सुंदर दिसतं, फोटोत तर फारच. पण रंग तेलकट चमकतो, म्हणजे भिंतीचा श्वास बंद. खिडकीला एसीचं यंत्र, शिंपल्यांचं तावदान आत भिंतीवर चौकटीत लावलंय आणि त्यामागे बल्ब. सोप्यावर कुंड्या मांडल्यात, कुणी बसू नये म्हणून. एकेक वस्तू अस्सल, आणि एकही आपल्या कामावर नाही. याउलट पलीकडे एक बेकरी आहे, बाहेरून कळकट, दारात दुपारी पावाचा वास. तिथला सोपा बसून बसून गुळगुळीत झालाय. तिला मी दहात नऊ देतो, आणि मला माहीत आहे की तीच आधी जाईल.

आणि नवं घर घेणारे कोण? आमच्यासारखेच. बाहेरगावचे, मुलं मार्गी लागलेले, 'कॅरॅक्टर' हा शब्द वापरणारे. आम्ही घेतलं तर खालच्या शिंप्यांचं काय, हा प्रश्न एजंटाने "कॉम्पेन्सेशन देऊन" अशा दोन शब्दांत मिटवला होता. म्हणजे रसिक म्हणून मला त्या घरात जे आवडलं त्यातलं निम्मं, तो तळव्याला लागणारा आवाज, मालक म्हणून मी पहिल्याच वर्षी काढून टाकणार होतो. या पेचातून मला वाट सापडलेली नाही.

जुलैमध्ये आम्ही पुन्हा गेलो, शिंप्यांनी सांगितलं होतं म्हणून. सकाळपासून धार लागली होती आणि दुपारी भरती होती. खाडी फुगलेली असली की गटाराचं पाणी तिच्यात शिरत नाही, उलटं येतं. मळ्याच्या बाजूला घोटाभर साचलं होतं. मी घराच्या मागच्या दारी गेलो. टेकडीच्या कातळातून पाणी पाझरत होतं, शेवाळ्यावरून घरंगळत होतं आणि भिंतीला समांतर कोरलेल्या एका दगडी चरातून शांतपणे बाजूला जात होतं. मार्चमध्ये हा चर पाचोळ्याने भरलेला होता आणि मला दिसलाच नव्हता. तो आता कुणी साफ केला होता ते विचारायची गरज नव्हती. झाडू शिंप्यांच्या खोलीबाहेर ओला उभा होता. आत भिंतीवर रेघ कमरेवरून चार बोटं वर आली होती, आणि सिमेंटच्या तुकड्यापाशी कानाला लागली होती. शिंपल्यांच्या खिडकीतून येणारा उजेड या वेळी राखाडी होता, मोत्याच्या पोटासारखा. मशीन चालू होतं.

चारच्या सुमारास पाऊस उघडला. आम्ही दोघं दारातल्या सोप्यांवर बसलो, ती एका बाजूला, मी दुसऱ्या. दगड थंडगार होता. गल्ली धुऊन निघाली होती, निळ्या भिंतीवर पाण्याच्या रेषा उतरत होत्या, वरच्या कौलांतून थेंब पडत होते. शिंप्यांनी आतून दोन कप चहा पाठवला. तेवढ्यात वळणावरून एक जोडपं आलं, तो कोटात, ती लांब पायघोळ झग्यात, मागे छत्रीवाला आणि कॅमेरेवाला. कॅमेरेवाल्याने भिंत पाहिली, आम्हाला पाहिलं, आणि फार अदबीने म्हणाला, "अंकल, आंटी, दोन मिनिटं जरा बाजूला होता का? फ्रेममध्ये येताय."

मी उठायला लागलो. सवय.

"अहो, बसा," बायको म्हणाली. "चहा संपू दे."